तारीख ठरलेल्या मुलखात पाच दिवस

पहिला दिवस, मंगळवार ९ सप्टेंबर २०२५ : बर्लिन ते कॉटबुस

बर्लिनला येऊन पंधरा दिवस झाले होते. भिंत बघितली, म्युझियमं बघितली, बागेत बसून बदकंही मोजून झाली. भाचा म्हणाला, "मामा, आता प्रागला जाऊ की ड्रेस्डेनला?" मी म्हटलं, मला कोळशाची खाण दाखव. त्यानं मामीकडं पाहिलं. मामी म्हणाली, "मी नाही येत. चौतीस वर्षं धुतलेत ते कपडे."

चंद्रपूरच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं काढलेल्या माणसानं जर्मनीत येऊन राजवाडे बघायचे म्हणजे जरा अवघडच. त्यातून इथल्या कोळसा मुलखाविषयी एक गोष्ट ऐकली होती, ती डोक्यातून जात नव्हती. २०२० साली जर्मन संसदेनं कायदा करून टाकला की कोळशावरची वीज उशिरात उशिरा २०३८ पर्यंत बंद. धोरण नव्हे, भाषण नव्हे. कायद्यात लिहिलेली तारीख. कुठला संच कोणत्या वर्षी थांबणार, तेही ठरलेलं. आमच्याकडं साधं ओव्हरहॉलचं वेळापत्रक पाळलं जात नसे. तारीख माहीत असलेली माणसं कामावर कशी जात असतील, एवढंच मला बघायचं होतं.

तर ५८ युरोचं महिनाभराचं तिकीट भाच्याच्या फोनमध्ये, माझं माझ्या फोनमध्ये, आणि आम्ही आग्नेयेकडच्या गाडीत. सव्वा तासाचा प्रवास. बाहेर पाइनची सपाट जंगलं. भाचा पवनचक्क्या आणि सौर पॅनलांचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर लिहितो. उद्या दुपारी तीन वाजता कुठं किती वारा असेल आणि त्यातून किती वीज येईल, हे त्याचं काम. त्यानं फोनवर देशाचा त्या दिवसाचा वीजआलेख उघडला. दुपारी पिवळा डोंगर, तो सूर्य. निळे पट्टे वाऱ्याचे. आणि तळाशी तपकिरी पट्टा, लिग्नाइटचा, म्हणजे तपकिरी कोळशाचा. दुपारी हा पट्टा चेपला जातो, सूर्य कलला की पुन्हा फुगतो.

"हे तपकिरी म्हणजे तुमची माणसं," तो म्हणाला.

मी तो पट्टा बराच वेळ बघत राहिलो. आमच्या काळी संच एकदा लोडवर घेतला की सरळ रेघ ओढायची, त्यातच शान होती. इथं रोज दुपारी भार खाली, संध्याकाळी वर. बॉयलरच्या नळ्यांना हे सोसत नाही. तापणं-निवणं, तापणं-निवणं, मग एक दिवस वेल्डजवळ चीर. बाजारात विजेचा भाव दुपारी कधी कधी शून्याच्याही खाली जातो, म्हणजे वीज घ्या आणि वर पैसेही घ्या. हे सगळं नाचवतो कोण? तर माझा भाचा आणि त्याच्यासारखी शंभरेक पोरं, बर्लिनमध्ये कॉफी पीत. मी त्याला हे बोलून दाखवलं. तो हसला नाही. म्हणाला, "मामा, मी आजवर एकही बॉयलर बघितलेला नाही."

कॉटबुस स्टेशनवर पाटी दोन भाषांत आहे. खाली लिहिलेलं नाव खोशेबुझ, सोर्बियन भाषेतलं. सोर्ब म्हणजे इथला मूळचा स्लाव्ह समाज. स्टेशनाच्या बाजूलाच रेल्वेचा नवा कारखाना. जानेवारी २०२४ मध्ये तेव्हाचे चान्सलर शोल्त्स यांच्या हस्ते त्याचं पहिलं दालन सुरू झालं. तेरा डब्यांची आयसीई-४ ही वेगवान गाडी ३७४ मीटरची असते. ती न तोडता अख्खी आत घेऊन दुरुस्त करायची, म्हणून दालनही तसंच लांबलचक. कोळसा जाणार म्हणून या मुलखाला जी भरपाई मिळाली, तिच्यातलं हे सगळ्यात ठळक काम. एकूण बाराशे नोकऱ्यांचं आश्वासन आहे.

हॉटेलात मात्र फजिती झाली. रिसेप्शनला माणूसच नाही. भिंतीवर कळफलक, कोड ईमेलनं आलेला, आणि भाच्याच्या फोनची बॅटरी संपलेली. माझ्या फोनवर ईमेल नाही. बाहेर पाऊस. शेवटी आतून एक बाई कुत्र्याला फिरवायला बाहेर पडल्या, त्यांच्या पाठोपाठ आम्ही दोघं आत घुसलो. त्या काही बोलल्या नाहीत, पण कुत्रा बोलला.

दुसरा दिवस, बुधवार : पाइत्स, येन्शवाल्ड, होर्नो

सकाळी भाड्यानं विजेवरची गाडी घेतली. वीसेक मिनिटांत क्षितिजावर कूलिंग टॉवर दिसायला लागले आणि माझा हात आपोआप खिडकीच्या काचेवर गेला. येन्शवाल्ड वीज केंद्र. पूर्व जर्मनीच्या काळात उभारलेले ५०० मेगावॅटचे सहा संच, एकूण ३,०००. आमचं चंद्रपूर २,९२०. म्हणजे जुळी भावंडंच, एक थंडीतलं आणि एक उन्हातलं. सहापैकी दोन संच २०१८ आणि २०१९ मध्ये बाजूला काढून राखीव ठेवले होते. युक्रेनच्या युद्धात रशियन गॅस आटला तेव्हा २०२२ मध्ये ते पुन्हा पेटवले आणि २०२४ च्या मार्चअखेर कायमचे विझवले. उरलेले चार २०२८ अखेरपर्यंत जाणार. केंद्राशेजारची खाण तर २०२३ च्या डिसेंबरात संपली. आता कोळसा दुसऱ्या खाणींतून रेल्वेनं येतो.

भाच्याच्या सहकाऱ्याचे सासरे इथं शिफ्ट इन्चार्ज होते. पाइत्स गावात तळ्याकाठी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. पाइत्स कार्प माशांसाठी प्रसिद्ध, शेकडो वर्षांची तळी आहेत. तळलेला कार्प, उकडलेले बटाटे. आमच्या झाडीपट्टीतल्या तलावांची आठवण आली, फक्त तिखट नव्हतं.

भाषांतर भाचा करत होता, पण पहिली दहा मिनिटं आम्हाला त्याची गरजच लागली नाही. मी "टर्बाइन" म्हटलं, "कंडेन्सर" म्हटलं, हातानं व्हॅक्यूम पडल्याची खूण केली, ते खदखदून हसले. मग त्यांनी विचारलं, तुमच्या कोळशात राख किती? मी म्हटलं, पस्तीस-चाळीस टक्के. त्यांना वाटलं भाच्याचं भाषांतर चुकलं. त्यांच्या लिग्नाइटमध्ये राख थोडी, पण निम्म्याहून जास्त पाणी! म्हणजे आम्ही आयुष्यभर दगड जाळले आणि त्यांनी चिखल. यावर आमची मैत्री पक्की झाली.

त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. १९८९ साली लाउझित्समध्ये, म्हणजे या कोळसा मुलखात, लिग्नाइटवर थेट पोसलेली माणसं ऐंशी हजारांच्या घरात होती. भिंत पडली, देश एक झाला आणि काही वर्षांत त्यातली बहुतेक घरी बसली. आज खाणी आणि वीज केंद्रं मिळून सात-आठ हजार. "तेव्हा तारीख नव्हती," ते म्हणाले. "शुक्रवारी पत्र आलं, सोमवारी गेट बंद." त्यांचे दोघे भाऊ त्या वेळी पश्चिमेकडं गेले, परत आले नाहीत. त्यामुळं आता सरकार जेव्हा म्हणतं की या वेळी नीट करू, तेव्हा इथला माणूस आधी दार कुठं आहे ते बघून ठेवतो.

या वेळी पैसा खरोखरच मोठा आहे. तिन्ही लिग्नाइट मुलखांना मिळून २०३८ पर्यंत ४० अब्ज युरो, त्यातले सुमारे १७ अब्ज लाउझित्सचे. ज्यांचं वय ५८ च्या पुढं आहे त्यांना नोकरी गेल्यापासून पेन्शन सुरू होईपर्यंत, जास्तीत जास्त पाच वर्षं, सरकार महिन्याला भत्ता देतं. ऐकून मला आमच्याकडचे कंत्राटी कामगार आठवले. कोल हँडलिंगला पंधरा-पंधरा वर्षं काम करून ज्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरात नसतं, त्यांचा भत्ता कुठल्या खात्यातून निघेल, कोण जाणे.

पण आजोबांचा प्रश्न पैशाचा नव्हताच. ते म्हणाले, पंचवीस वर्षांचा पोरगा इथं कशाला येईल? तो रेल्वेच्या कारखान्यात जातो, बरोबरच करतो. पण संच तर शेवटच्या दिवसापर्यंत चालवायचा आहे, आणि तोही पूर्वीसारखा सरळ नाही, दिवसातून दोनदा वरखाली. अनुभवी माणसं पेन्शनला, नवी माणसं येत नाहीत. "बंद करणं सोपं आहे. बंद होईपर्यंत चालवणं अवघड."

हे मी डायरीत तिथल्या तिथं उतरवून घेतलं. आमचे २१० मेगावॅटचे पहिले दोन संच निघाले तेव्हा शेवटच्या दोन वर्षांत त्यांना कुणी स्पेअर देत नव्हतं. "जाणारच आहे ना तो," म्हणायचे. जाणाऱ्या संचावर ड्युटी लागलेल्या माणसाकडं सगळे तेराव्याला आल्यासारखं बघतात.

निघताना त्यांनी विचारलं, तुमच्या केंद्राची तारीख कोणती? मी भाच्याला म्हटलं, सांग, आमच्याकडं तारीख नाही. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या १९९० सारखं?" मी पाण्याचा ग्लास उचलला.

दुपारी कॉटबुसचा ओस्टझे पाहिला. जुनी खाण होती, २०१५ मध्ये कोळसा संपला, एप्रिल २०१९ पासून तिच्यात पाणी सोडायला सुरुवात झाली. सुमारे १,९०० हेक्टरचा तलाव. त्यावर २९ मेगावॅटचा तरंगता सौर प्रकल्प. निरीक्षण मनोऱ्यावरून एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला येन्शवाल्डची वाफ दिसते. सुंदर आहे, खोटं कशाला बोला. पण पाण्याचाही हिशेब आहे. खाणी कोरड्या ठेवायला शंभरावर वर्षं भूजल उपसून श्प्रे नदीत सोडलं गेलं. नदी त्या पाण्याला सरावली. आता पंप थांबणार, तर तीच नदी उन्हाळ्यात रोडावणार, आणि खाली बर्लिन तिच्या पाण्यावर बसलंय. शिवाय उघड्या पडलेल्या थरांतलं लोह पाण्यात उतरतं, म्हणून काही ठिकाणी नदी चहासारखी तपकिरी. खाण बंद झाली म्हणजे काम संपलं असं नाही, पंपवाल्यांना आणखी काही पिढ्या ड्युटी आहे.

संध्याकाळी फोर्स्ट गावाच्या कडेला नवं होर्नो. जुनं होर्नो, सोर्बियनमध्ये रोगोव, येन्शवाल्डच्या खाणीत गेलं. गावानं वर्षानुवर्षं कोर्टकज्जे केले, हरलं. २००४ मध्ये चर्च सुरुंगानं पाडलं. नव्या गावात आता हरवलेल्या गावांचं संग्रहालय आहे. जमिनीवर सगळ्या मुलखाच्या नकाशाचा गालिचा अंथरलाय, त्यावर चालत फिरायचं. एक यंत्र पुढं ढकलत न्यायचं, ज्या गावावर थांबाल त्याची माहिती पडद्यावर येते. लाउझित्समध्ये १३० हून जास्त गावं अशी पूर्ण किंवा अर्धी खाणींत गेली. सोर्ब लोकांची म्हण आहे की देवानं लाउझित्स घडवलं आणि सैतानानं त्याखाली कोळसा पुरून ठेवला. भद्रावती-राजुराकडची, वेकोलि या कोळसा कंपनीच्या नोटिसा घरात ठेवलेली माणसं ही म्हण ऐकतील तर दुसऱ्यांदा सांगावी लागणार नाही.

तिसरा दिवस, गुरुवार : लिष्टरफेल्ड

आज एफ-६०. मी लहान मुलासारखा सहाला उठून बसलो होतो.

ओबी, म्हणजे कोळशावरची माती-मुरूम, काढायला आमच्याकडं शॉवेल आणि डंपर. इथं मातीचा थर मऊ, म्हणून त्यांनी पूलच बांधला. खाणीच्या एका काठावरची माती उचलायची, कन्व्हेयरवरून खाणीवरून पलीकडं न्यायची आणि मागच्या रिकाम्या जागेत टाकायची. हा पूल रुळांवरून खाणीबरोबर सरकत जातो. ५०२ मीटर लांब. साठ मीटर जाडीचा थर काढतो म्हणून नाव एफ-६०. आयफेल टॉवर ३३० मीटरचा; याला आडवा पडलेला आयफेल टॉवर म्हणतात, आणि आयफेल टॉवर चालत नाही. असे पाच पूल लाउखहामरच्या कारखान्यानं बनवले. हा शेवटचा, १९९१ मध्ये सुरू झाला आणि १९९२ च्या जूनमध्ये थांबला. जेमतेम सव्वा वर्ष!

२००२ पासून तो लोकांना बघायला खुला आहे. हेल्मेट घालून वर चढलो. गाइडबाई चाळिशीच्या. त्यांचे वडील या पुलाच्या उभारणीत फिटर होते, त्या इथं तिकिटं फाडतात आणि गोष्ट सांगतात. चालून चालून टोकाला पोचलो, खाली पायाखालच्या जाळीतून तलाव दिसत होता. वारा असा की टोपी धरून ठेवावी लागे. मला भीती वाटायला हवी होती, पण मी रोलर बघत होतो. बेल्ट कुठं सरकत असेल, कुठं साफ करायला माणूस लावत असतील, तो माणूस हिवाळ्याच्या रात्री इथं उभा राहून काय करत असेल. एका खांबावर खडूनं काही आकडे लिहिलेले होते, बहुधा नंतरच्या दुरुस्तीवाल्यांनी. मी त्यांचा फोटो काढला. भाच्यानं विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, अक्षर.

बाईंना मी विचारलं, वडील कधी वर येतात का? म्हणाल्या, एकदाच आले. खाली येऊन म्हणाले, ग्रीस कमी घातलंय.

चौथा दिवस, शुक्रवार : होयर्सवेर्डा

हे गाव कोळशानं वाढवलं आणि कोळशानंच रिकामं केलं. पन्नासच्या दशकात सात-आठ हजार वस्ती. शेजारी श्वार्त्से पुम्पेचा प्रचंड कारखाना आला, विटा नव्हे तर तयार काँक्रीटच्या भिंती जोडून घरं उभी राहिली, आणि ऐंशीच्या दशकात वस्ती सत्तर हजारांवर गेली. आज तीस हजारांच्या आसपास. इमारती रिकाम्या पडल्या तशा पाडल्या. आता मध्येच गवताचे चौकोन दिसतात. पडलेल्या दातांसारखे म्हणणार होतो, पण गवत हिरवंगार होतं.

याच गावात कोनराड त्सूझ शाळेत होते. १९४१ मध्ये बर्लिनमध्ये त्यांनी झेड-३ यंत्र चालवून दाखवलं, जगातला पहिला प्रोग्रॅम करता येणारा, चालणारा संगणक. त्यांच्या नावाचं संगणक संग्रहालय इथं आहे. भाचा तिथं दोन तास रमला, मी खुर्चीवर बसून राहिलो. काल माझी पाळी होती, आज त्याची. रिले खटखटतात तेव्हा कंट्रोल रूमच्या जुन्या पॅनलसारखा आवाज येतो, तेवढं मात्र मला आवडलं.

या गावाची दुसरी ओळखही आहे. सप्टेंबर १९९१ मध्ये इथं मोझाम्बिक आणि व्हिएतनामहून आलेल्या कामगारांच्या वसतिगृहांवर जमावानं अनेक दिवस दगडफेक केली, शेवटी पोलिसांनी त्या माणसांनाच बसमध्ये घालून गावाबाहेर काढलं. मोझाम्बिकची ती माणसं लिग्नाइटच्याच कामाला आणलेली होती. ज्या महिन्यांत जर्मन कामगारांना पत्रं येत होती, त्याच महिन्यांतली ही गोष्ट. त्याच मुलखात आता सगळीकडं माणसं पाहिजेत अशा पाट्या: परिचारिका, इलेक्ट्रिशियन, बसचालक. निवडणुकीत मात्र बाहेरच्यांना विरोध करणारा एएफडी पक्ष इथं जोरात.

हे सगळं मला परकं वाटलं नाही, कारण आमच्या शेजारणीचा मुलगा नागपुरात जर्मनचा क्लास लावून बसलाय. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून आयटीआयच्या पोरांत ही हवा आहे. ते राज्य नैऋत्येला, इथून लांब. तरी त्या पोराला मी परत गेल्यावर काय सांगू, याचा विचार करत मी गवताच्या चौकोनांमधून चाललो. एका बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंनी "गुटेन टाग" म्हटलं. मीही म्हटलं. तेवढ्यावर मत बनवू नये, हे खरं.

श्वार्त्से पुम्पे वीज केंद्र रस्त्यावरूनच बघितलं. ८०० मेगावॅटचे दोन संच, नव्वदच्या दशकातले, त्यामानानं तरुण. शेजारी बॅटरीचे कंटेनर ओळीनं मांडलेले, सुमारे ५० मेगावॅटचे. दुपारची वीज साठवून संध्याकाळी सोडायची. भाचा खूश झाला. मी त्या कंटेनरांशेजारी माणूस शोधत होतो. एकही दिसला नाही. कुंपणावर कॅमेरा होता.

पाचवा दिवस, शनिवार : श्प्रेवाल्ड, परत

परतीच्या वाटेवर ल्युबेनाउला उतरलो. इथलंही वीज केंद्र नव्वदच्या दशकातच गेलं. आता सगळं काकडीच्या लोणच्यावर आणि होड्यांवर. श्प्रे नदी इथं शेकडो ओढ्यांत फुटते. लेडे नावाच्या वस्तीत उन्हाळाभर टपाल होडीनं येतं, १८९७ पासून. होडीवाल्यानं काठीनं ढकलत ढकलत त्याची गंमत सांगितली. पत्रं कमी झाली, पण ऑनलाइन खरेदीची खोकी इतकी वाढली की होडी आता जास्तच भरते. एकदा टपालाच्या होडीतून गवत कापायचं यंत्र आलं होतं.

संध्याकाळच्या गाडीत भाच्याच्या फोनवर पाइत्सच्या आजोबांचा निरोप आला. कार्प पचला का, असं विचारलं होतं. आणि खाली एक ओळ: केंद्रावरच्या जावयाची आज दुसरी पाळी आहे, वारा पडलाय.

भाच्यानं आलेख उघडला. सूर्याचा पिवळा डोंगर उतरत होता, निळे पट्टे बारीक झाले होते. तळाचा तपकिरी पट्टा हळूहळू जाड होत होता.

"तुझ्या सॉफ्टवेअरला हे काल कळलं होतं?" मी विचारलं.

"परवाच," तो म्हणाला. मग फोन माझ्या हातात देऊन तो खिडकीतून मागं, टॉवर दिसतात का ते बघायला लागला.